मास्तरांचं बोलणं

४ फेब्रुवारी १९९८, बुधवार

आज ह्यांचं बोलणं बंद पडलं. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा बंद पडलं ते दोन वर्षांमागं, लकव्यानं. उजवं अंग गेलं, जीभ गेली. डोकं मात्र जसंच्या तसं राहिलं. अख्ख्या रामनगराला टायपिंग शिकवलेला हा माणूस, पण डाव्या हातात पेन धरवत नाही, बोटं वळत नाहीत. तळहात टेबलावर टेकवून एक बोट तेवढं खाली दाबता येतं. टाइपरायटरच्या कळा त्या बोटाला जड जातात, काम्प्युटरच्या जात नाहीत. क्लाससाठी म्हणून ह्यांनी आजाराच्या आधी बेळगावहून जुना काम्प्युटर आणला होता. मग तोच ह्यांचं तोंड झाला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. मी सातवी शिकलेली. ती अक्षरं मला ह्यांनीच पडद्यावर एकेक करून शिकवली. आता अडखळत का होईना वाचते. "भाजीत मीठ कमी" हेसुद्धा वाचते.

ही वही डॉक्टरांनी ह्यांच्या औषधांसाठी करायला सांगितली होती. औषधं कमी झाली आणि मीच तिच्यात लिहू लागले.

सकाळी भाकरी थापत होते. स्वयंपाकघरातला बल्ब एकदम पांढराफटक झाला. होल्टेज चढलं की असं होतं. बाहेरच्या खोलीतून फट् असा आवाज आला, पाठोपाठ जळका वास. धावले. पडदा काळा झालेला. हे काहीतरी लिहीत होते, बोट तसंच कळेवर राहिलेलं. काय लिहीत होते ते मी पाहिलं नाही, आणि आता पडद्यावर काहीच नाही.

धावताना पायाची चिंधी सुटली. गेल्या महिन्यात लाकडाच्या खोपीत खिळा लागला होता, ती जागा अजून ओली आहे. दुखत नाही ते एक बरं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

परशू येऊन गेला. माझा धाकटा भाऊ. बाजारात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मागचे स्क्रू काढले, आतला पत्र्याचा डबा दाखवला.

"अक्का, सप्लाय गेला ह्याचा."

"म्हंजे?"

"लाईनीतला करंट ह्या डब्यात येतोय. ह्यो त्येला बारीक करून सगळ्या भागास्नी वाटतोय. ह्योच जळलाय. बाकीचं जितं हाय का मेलं, ते ह्यो बदलल्याबिगार कळायचं न्हाई."

डबा उघडून त्यानं फ्यूज बदलला आणि मला लांब उभं राहायला सांगितलं. वायर काढली तरी आत करंट साठून राहतो म्हणे. बटण दाबल्याबरोबर आत लखकन उजेड पडला आणि नवा फ्यूजही गेला. त्यानं डबा काढून बाजूला ठेवला.

नवीन डबा बेळगावलाच मिळेल. पण गाड्या सगळ्या उळवीच्या जत्रेला लावल्यात. शिवाय परशूला जत्रेतल्या माईकची कामं आहेत. "जरा दम धर," म्हणाला.

जाताना माझ्या पायाकडं त्याचं लक्ष गेलं. "काय बांधलंयस?"

"खिळा लागला व्हता. वाळाय लागलाय."

एवढं म्हणते तोवर हे टेबलावर हात आपटायला लागले. थांबेचनात. परशू म्हणाला, "दाजी, आणतो म्हटलं न्हवं सप्लाय. मी काय इसरणार न्हाई." तरी हात आपटणं चालूच. डोळ्यांत पाणी. यंत्राचा एवढा लळा लागलाय ह्यांना.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझा चहा सांडला ह्यांनी. स्वतःचा नाही, माझा. मी कप बाकावर ठेवला आणि ह्यांनी कोपरानं ढकलला. चुकून म्हणावं तर दुपारी पुन्हा तेच. मी दोन चमचे साखर घालून हौसेनं केलेला. हल्ली जीव सारखा चहा मागतो, नाहीतर पाणी. मडकं दोनदा भरावं लागतं. दोघांनाच.

रात्रीतून तीनदा मोरीत जावं लागतं, आणि तिथं परत मुंग्या. कुणी साखर सांडल्यागत रांग लागते. रॉकेल ओतलं. हे दारातनं बघत होते. घशातून आवाज काढला, मोठा. शेजारच्या शांतावहिनी धावत आल्या, काय झालं म्हणून. त्यांना म्हटलं, राग राग करतात, बोलता येत नाही म्हणून. वहिनी म्हणाल्या, "मास्तरांचं करून करून तू वाळलीस गो. चोळी बघ कशी लोंबतीय."

८ फेब्रुवारी, रविवार

मला एक सुचलं. काम्प्युटर बंद असला म्हणून काय झालं, कळा तर आहेत. ह्यांनी कळ दाबायची, मी अक्षर बघायचं आणि पाटीवर लिहायचं. आधी सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

ह्यांना खुर्चीत बसवलं. ह्यांचा चेहरा उजळला. डोळे गच्च मिटले. डोळे मिटणं म्हणजे हो, हे आमचं ठरलेलं.

पण पडद्यावर अक्षर थांबतं, ते मला वाचता येतं. इथं बोट कळेवर येतं तेव्हा अक्षर बोटाखाली झाकतं, आणि उचलताना बोट शेजारच्या कळेवर घसरतं. कोणती दाबली आणि कोणती घसरली, कळत नाही. तीन अक्षरं धड मिळाली. ती जुळवली तर झालं 'पाय'.

"पाय?" मी विचारलं.

डोळे मिटले.

"चालायचंय?"

डोळे उघडेच. मान हलवली. बोट दाराकडं केलं. परत पायाकडं, परत दाराकडं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धडधाकट होते तेव्हा दरवर्षी जत्रेला उळवीला पायी जायचे. दारावरून गाड्या भरभरून जातात, माणसांचा आवाज येतो, जीव तुटत असणार. मी ह्यांच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, "पुढच्या साली परशूची जीप करून नेते. ह्या साली न्हाई जमायचं."

ह्यांनी हाताच्या एका फटक्यात कळांची ती फळी खाली पाडली. दोन कळा उडाल्या. मी गोळा करून बसवल्या आणि फळी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सप्लाय येईल तेव्हा ती तरी शाबूत पाहिजे.

दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. तेही काय बोलणार.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घरात वास मारतोय. उंदीर मेला असणार कुठंतरी. कपाट सरकवलं, पोत्यांमागं बघितलं, काही सापडलं नाही. कधी इकडून येतो वास, कधी तिकडून. अंगात कालपासून कसकस आहे. दुपारी थंडी वाजून आली, घोंगडी घेऊन पडले.

हे जेवायला तयार नाहीत. घास पुढं केला की तोंड बंद. मी खाली बसून भरवत होते, तर वाकून माझा पाय धरायला बघतात. तोल जाऊन खुर्चीतून पडलेच असते. मी ओरडले. म्हटलं, "लहान पोरावानी काय चालवलंय? पाया पडताय का माझ्या? यंत्र मी बिघडवलंय व्हय?"

मग जे बोलू नये ते बोलले. दोन वर्षं तुमचा हात मी, पाय मी, आता जीभ पण मीच व्हायचं का, असं. हे माझ्याकडं बघत राहिले. नंतर त्यांनी घास खाल्ला. मुकाट्यानं सगळं जेवले. ते बघून मला जास्तच वाईट वाटलं.

खरं लिहायचं तर, हे यंत्र बंद पडलं तेव्हा पहिल्या दिवशी मला थोडं हलकं वाटलं होतं. हाक नाही, मागणं नाही. आता वाटतं, काहीही लिहा, मीठ कमी म्हणा, पण लिहा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते. उद्या सकाळी परशू खानापूरहून आमच्या लेकीला, ताराला घेऊन यायला निघेल, ती आली की मला निघायचंय. तोवर लिहायला हवं, नाहीतर डोक्यात नुसतं घोळत राहील.

परशू लाकडाच्या ट्रकमधून लोंढ्याला गेला, तिथून रेल्वेनं बेळगावला, आणि आज दुपारी सप्लाय घेऊन हजर झाला. बरोबर मेमरीच्या दोन पट्ट्या. दुकानदार म्हणाला, एवढं उघडताच आहात तर ह्याही घाला, दाबलेलं अक्षर थांबत थांबत येतं ते लगेच येईल.

डबा बसला, स्क्रू बसले. मग परशू थांबला. डब्यातून निघणाऱ्या वायरींचे दोन गट्ठे मोठ्या पाटीला, म्हणजे बोर्डाला जोडायचे. दोन्हींची टोकं सारखीच, दोन्ही कुठंही बसतात.

"जुना काढताना खूण करून ठेवायची व्हती," परशू म्हणाला. "माझं ध्यान न्हाई ऱ्हायलं, अक्का. टीव्हीत असं नसतंय."

"मग बसवून बघ."

"बघायचं काय त्यात. उलटं बसलं आणि बटण दाबलं तर बोर्डच जळणार. मग हे खोकं भंगारातच."

दुकानदाराला फोन लावायला बाजारात गेला. लाईन लागली नाही. परत आला, घाम पुसत बसला. हे घशातून आवाज काढायला लागले. मी जवळ गेले, पाणी हवंय का विचारायला. तर ह्यांचा हात माझ्या गळ्याशी आला. मी मागं सरकले. ह्यांनी वाकड्या बोटांत माझं मंगळसूत्र अडकवलं आणि ओढलं. सोडेनात.

परशू उठला. "दाजी, सोडा. तुटंल ते."

ह्यांचं तेच. बोट मण्यांवर दाबायचे, मग उघड्या खोक्याकडं हात करायचे. परत मणी, परत खोकं. मला भीती वाटली, डोक्याचंही काही झालं की काय. मग ह्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते डोळे शुद्धीवरचे होते, क्लासात एखादं पोर चुकलं की असायचे तसे.

"मणी?" मी म्हटलं. "काळे मणी?"

डोळे मिटले.

"काळं. काळी वायर?"

गच्च मिटले.

परशू खाली वाकला. "दोन्ही गट्ठ्यांत कडंला काळ्या वायरी हायत. त्या कुठं, दाजी?"

ह्यांनी मंगळसूत्राचे दोन्ही पदर माझ्या छातीवर एकत्र दाबले. काळ्याला काळं लावून. बोट तसंच धरून ठेवलं.

"काळ्याशेजारी काळ्या," मी म्हटलं. "दोन्ही मधी आल्या पायजेत."

डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

परशू माझ्याकडं बघायला लागला. "तू सांग, अक्का. चुकलं तर दाजींना परत बोलता यायचं न्हाई. दुसरं यंत्र कुठनं आणायचं?"

"लाव," मी म्हटलं.

त्यानं काळ्या वायरी मधे घेऊन दोन्ही गट्ठे दाबले. मेमरीच्या पट्ट्या खाचेत घातल्या. बटण दाबलं. पंखा फिरला. धूर नाही, वास नाही, पण पडदा काळाच. आणि आतून पी पी पी असा आवाज, न थांबता.

परशूनं बटण बंद केलं. मग त्यानं एक पट्टी काढली, फुंकर मारली, तिरकी धरून परत बसवली. दुसरीही. ह्या वेळी दोन्हींचा टक् असा आवाज आला. बटण दाबलं. एकदाच पी झालं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा वर चढायला लागली.

मी कपाटातून कळांची फळी आणली. खुर्ची पुढं सरकवली. ह्यांनी तळहात टेकवला. खरंच, अक्षर आता दाबताक्षणी येत होतं. मी मोठ्यानं वाचत होते.

पाय.

"व्हय हो," मी म्हटलं, "पुढच्या साली नेते म्हटलंय न्हवं उळवीला."

तुझा पाय, त्यांनी लिहिलं.

मग लिहिलं, उंदीर नाही. तुझा पाय कुजतोय.

मी वाचलं आणि माझंच मला कळलं नाही मी काय वाचलं. पुढं अक्षरं येत राहिली. मोरीत मुंग्या. तहान. वाळलीस. साखरेचा आजार. माझ्या बाबांचा पाय असाच गेला, नंतर बाबा गेले. दवाखाना. बेळगाव.

परशूनं मला बाकावर बसवलं आणि चिंधी सोडली. त्यानं तोंड फिरवलं. मग मी बघितलं. इतके दिवस वरच्यावर धुवायचे आणि बांधायचे, नीट बघितलंच नव्हतं. दोन बोटं काळी पडलीत आणि काळं वर सरकायला लागलंय. परशूनं दाबलं तरी मला कळलं नाही.

"ह्यांना सोडून कशी जाऊ?" मी म्हटलं. "ह्यांचं कोण करणार?"

ताराला बोलव, त्यांनी लिहिलं. मी नीट जेवीन. तू जा.

इथला डॉक्टर पट्टी बांधून, सुई टोचून गेला. बेळगावला जाण्याशिवाय इलाज नाही म्हणाला. जत्रेहून परतणारी एक जीप परशूनं ठरवलीय.

१४ फेब्रुवारी, शनिवार. बेळगाव.

साखर पाचशेच्या वर आहे. बोटं काढावीच लागणार. डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत, पण सरळ बोलतात. म्हणाल्या, "आधी बोटं काढू. विष वर गेलेलं असलं तर घोट्यातून, नाहीतर गुडघ्याखालून. आत गेल्यावर कळेल." कागदावर सही घेतली.

कोण बघत होतं घरी, का नाही सांगितलं कुणी, असं त्यांनी विचारलं. काय सांगू. सांगत होते, बाई. चहा सांडून सांगत होते.

सलाईन चालू आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय. पुरे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन बोटं गेली. पाय राहिला. अजून खात्री नाही, रोज पट्टी सोडतात आणि मी छताकडं बघते. आज बाईंनी पहिल्यांदा मान हलवून "छान" म्हटलं.

परशू आला होता. म्हणाला, "दाजींनी निरोप दिलाय. त्यांनी लिवलं, ताराचा सैपाक खारट होतो. आणि सांग म्हणाले, रडत बसू नको."

मी विचारलं, "आणि काय?"

"बाकी लई लिवलं व्हतं. मला सगळं वाचाय येत न्हाई इंग्रजी अक्षर. शेवटाला पुसून टाकलं त्यांनी."

३ मार्च, मंगळवार. रामनगर.

काल घरी आले. पाय उशीवर ठेवून पडून राहायचं, उभं राहायचं नाही, अजून बरेच दिवस. तारा आहे अजून चार दिवस. मोरीत मुंग्या नाहीत. तेवढ्यासाठी मी दारापर्यंत सरकत जाऊन बघून आले आणि लेकीची बोलणी खाल्ली.

माझी खाट बाहेरच्या खोलीत टाकलीय, ह्यांच्या टेबलासमोर. पण काम्प्युटरची पाठ माझ्याकडं. हे काही लिहायचे आणि मी उठायला बघायची, की हे हात आपटायचे. ताराला वाचायला बोलवावं तर ती चुलीपाशी. सकाळी दोनदा असं झालं.

दुपारी परशू आला. त्याला ह्यांनी काहीतरी लिहून दाखवलं. त्यानं मागच्या वायरी सोडल्या, पडदा उचलला आणि टेबलाच्या कडेला, तोंड माझ्याकडं करून ठेवला. वायर ताणून पुरली.

"दाजी, आता तुमास्नी काय दिसायचं न्हाई," परशू म्हणाला.

ह्यांनी तळहात टेकवला. पुढं बघायला पडदा नव्हता, म्हणून हे माझ्याकडं बघत होते. बोट आपापलं कळा शोधत होतं. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं ह्यांनी, खाली बघायचं नाही.

पडद्यावर अक्षरं आली. दोन ठिकाणी शेजारची कळ लागली होती, तरी मला वाचता आलं.

गोळी घेतली का?

"घेतली," मी म्हटलं.

ह्यांचे डोळे माझ्यावरच होते. बोट परत हललं.

खोटं बोलू नको.

मी ताराला पाणी आणायला सांगितलं आणि उशीखालची गोळी काढून घेतली.